पाठ बघून निवडलेले तिघे

युरोपात मोटारसायकलवरून फिरायला आकाराम चौगुलेला तीन माणसं हवी होती. जर्मनीतल्या ज्या कंपनीकडून गाड्या भाड्यानं मिळणार होत्या, तिची अट होती की चौघांचा गट झाला तरच सहल निघेल. बारा दिवस, तीन देश, आणि सातव्या दिवशी इटलीच्या डोंगरातला अठ्ठेचाळीस वळणांचा घाट. पैशांची सोय झाली होती. बायको फक्त एवढंच म्हणाली होती, "जावा, पण टोपडं घालून जावा." टोपडं म्हणजे हेल्मेट. अडलं होतं ते माणसांवर.

आकाराम छप्पन वर्षांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं दहा बाय पंधराचं दुकान आहे, पाटी नसलेलं. तो पॅटर्न करतो. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. त्या लाकडाभोवती वाळू ठोकून साचा होतो आणि साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करायचा असतो. त्यासाठीची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून मोठा. पस्तीस वर्षं आकाराम त्या पट्टीनं मोजत आला. आकसणं हा वस्तूचा स्वभाव आहे आणि तो आधीच धरून चालायचा असतो, हे त्याच्या हातांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत त्यानं ते कधी धरलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी त्याच्या डाव्या खांद्यावर काळेनिळे डाग दिसायला लागले. दाराच्या चौकटी खांद्याला लागत होत्या. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर डाव्या हाताला ठेवलेला पेला दोनदा पडला. लहानपणापासूनचा मित्र मीरासाब शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आक्या, दूध चढायला लागलं व्हय रं तुला?" सगळे हसले. आकारामही हसला. पडलेल्या पेल्याकडं नव्हे, पेला जिथून दिसेनासा झाला होता त्या जागेकडं तो बघत होता.

काम मात्र बिनचूक होत होतं. रंध्याखालची रेघ, पट्टीवरचा केसाएवढा भाग, सगळं स्वच्छ. समोरचं दिसत होतं. डाव्या बाजूचं नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं, कुठंही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी तोंडाला मास्क लावून आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही?" ती मीरासाबची थोरली, अफसाना. तिच्या जन्माचे पेढे आकारामनं वाटले होते.

उजवा डोळा झाकला आणि यंत्र सुरू झालं. पहिली काही मिनिटं त्याला काहीच दिसलं नाही. यंत्र बारीक टकटक करत होतं. आकाराम ती टकटक ऐकून बटण दाबायला लागला. तालात, चुकत नव्हता.

अफसानानं यंत्र थांबवलं. "काका, उजेड नसतानाबी तुम्ही दाबताय. मशिनला कळतंय ते."

"तुलाबी कळलं की."

"परत करूया. दिसंल तेवढंच दाबा."

यंत्रातून कागद निघाला. डाव्या डोळ्याच्या चित्रात सगळीकडं काळं आणि मधोमध रुपयाएवढं पांढरं. उजव्या डोळ्यात काळेपणा नाकाच्या कडेनं आत यायला लागला होता, पण उजवीकडचं बरंचसं अजून शिल्लक होतं. डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलं ते परत येणार नाही, थेंबांनी राहिलेलं काही काळ थोपवता येईल. मोटारसायकल बंद. त्यांनी हे एवढ्या हळू आवाजात सांगितलं की आकारामला त्यांची दया आली.

बाहेर आल्यावर तो अफसानाला म्हणाला, "अब्बाला सांगू नगंस."

"आम्ही कुणाचंच कुणाला सांगत न्हाय, काका. तसा नियमच हाय."

"गाडी बंद करतोय मी."

"बरं."

तो बुलेटवरून आला होता. ती फाटकाबाहेर लावलेली होती आणि तिचा आवाज त्या गल्लीतल्या सगळ्यांना ओळखता येत होता. बुलेट सुरू झाल्याचा आवाज आला, तशी अफसाना खिडकीपासून बाजूला झाली.

गाडी बंद झाली नाही. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते. डावीकडं असते ती कडेची धूळ, गटार, फार तर एखादं कुत्रं. समोरून येणारं सगळं उजवीकडून येतं आणि उजवीकडचं आकारामला अजून दिसत होतं. शिवाय त्यानं एक रीत शोधली होती. रस्त्यावर एखादी बेताच्या वेगानं जाणारी गाडी निवडायची आणि चालवणाऱ्याची पाठ धरून ठेवायची. ती पाठ वळली की वळायचं, थांबली की थांबायचं. पाठ बरोबर त्या पांढऱ्या रुपयात मावत असे. अशा रीतीनं तो एका वर्षात आंबा, फोंडा, आंबोली सगळे घाट फिरून आला आणि त्याला वाटलं की माणसाला मधलंच तेवढं दिसलं तरी पुरतं.

युरोपचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. सम्राट नावाच्या पोरानं मोबाइलवर तो अठ्ठेचाळीस वळणांचा घाट दाखवला, तेव्हा ते शिरलं. डोंगराच्या अंगावर कुणीतरी रस्ता घड्या घालून ठेवला होता. आकाराम तो व्हिडिओ सारखा बघत राहिला. वळणं करणं हा त्याचा धंदा होता. एवढी वळणं एका माणसाच्या एका दिवसात येऊ शकतात, हे त्याला सोडवेना. पुढच्या वर्षी ती दिसतील की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

आधी त्यानं पुण्याच्या एका ग्रुपमध्ये विचारून पाहिलं. तिथल्यांनी त्याला कुठल्या क्लबात आहात, किती सीसी, कुठलं जॅकेट असं विचारलं. तो बाहेर पडला. मग कट्ट्यावर विषय काढला. कोल्हापुरात कुणालाही कुठंही येतोस का म्हणून विचारलं तर तो येतो म्हणतो. पहिल्याच संध्याकाळी अकराजण तयार झाले. एकानं तर तिथं मटण कसं मिळतं याची चौकशी केली.

"पासपोर्ट हाय का तुझा?" आकारामनं त्याला विचारलं.

"काढू की. तारीख तर ठरूंदे."

अकरातून निवड करायची म्हणून आकाराम प्रत्येकाला रविवारी गगनबावड्याला घेऊन जाऊ लागला. सगळ्यांना वाटलं की तो त्यांचं चालवणं बघतोय. तो पाठी बघत होता. हायस्कूलचे एक मास्तर होते, पण ते वळणावर गाडी इतकी झुकवायचे की आकारामच्या रुपयातून निसटून जायचे. एकाचं जॅकेट काळं होतं, झाडांच्या सावलीत तो विरून जायचा. असे गळत गेले. काहीजण तारीख ठरल्यावर आपोआप गळले.

राहिले तिघे. एक अमरसिंह, कागलच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात शेती खात्यात होता. तरुणपणी कुस्तीच्या लाल मातीत घुमलेला, पाठ दरवाजाएवढी. दुसरा, व्हिडिओ दाखवणारा सम्राट, चौतिशीचा, फ्लेक्स छापायचं दुकान. अंगानं काटकुळा, पण भगभगीत नारिंगी जॅकेट घालणारा. आणि तिसरा मीरासाब.

मीरासाबचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. तो कधी घाईत गेला नाही. ब्रेक मारायच्या आधी डावा हात खाली करून दाखवायचा, वळायच्या आधी मान वळवायचा. पांढरा सदरा. मशीनवर वाकून वाकून खांदे किंचित पुढं आलेले, त्यामुळं ती पाठ दुरूनही ओळखू यायची. आकारामनं आयुष्यात इतकी भरवशाची पाठ पाहिली नव्हती, आणि हे तो मीरासाबला सांगू शकत नव्हता.

"तू फुडं ऱ्हा," तो प्रत्येक वेळी म्हणायचा. "मी शेवटी येतो."

"का रं? मान देतूयास व्हय मला?" मीरासाब विचारायचा.

"तुझं ढुंगण गाडीवर झ्याक दिसतंय."

सम्राटला मात्र यात मोठेपणा दिसला. तो सगळ्यांना सांगत सुटला की आकारामदादा सगळ्यांच्या मागं राहतात, मेंढरामागं धनगर असतो तसे. आकाराम हे ऐकून घेत असे.

व्हिसाचे कागद अजून जायचे होते, पण सम्राटला दम निघाला नाही. एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. मागं बर्फाचे डोंगर, पुढं चौघांचे फोटो, चौघांना एकच काळा गॉगल चिकटवलेला. 'जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली मोहिमेवर निघालेल्या कोल्हापूरच्या वाघांना हार्दिक शुभेच्छा.' मीरासाबचा फोटो पुतणीच्या लग्नातला होता. हार खोडला होता तरी गळ्यापाशी झेंडूचं एक फूल राहिलं होतं. लोक थांबून बघायचे, फोन करायचे. आता कुणाला मागं फिरता येणार नव्हतं. इथं नाव फ्लेक्सवर गेलं की माणूस व्हिसाला नाही म्हणू शकतो, चौकाला नाही.

अफसाना दवाखान्यात जाताना त्याच चौकातून जायची. ती त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आकारामच्या दुकानात आली. तो मापं टाकत होता. ती त्याच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. बराच वेळ. मग म्हणाली, "काका."

आकाराम दचकला. पट्टी खाली पडली.

"कवा आलीस?"

"झाला की वेळ. चौकातला बोर्ड बघितला."

"अब्बाचा फोटो बरा आलाय न्हवं?"

"तुम्ही त्यांना सांगितलंय का?"

आकारामनं पट्टी उचलली, पुसली.

"मी नियम मोडणार न्हाय," अफसाना म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा. न्हायतर मी अब्बांना जाऊ नका एवढंच म्हणणार. का ते सांगणार न्हाय, पण जाऊबी देणार न्हाय."

"त्यो ऐकल व्हय तुझं?"

"माझं न्हाय ऐकलं तर अम्मीचं ऐकतील."

त्यानं पट्टी फळीवर ठेवली. "पुढच्या रविवारी सराव हाय. तिकडं उजव्या अंगानं चालवायची असत्या गाडी, म्हणून. सराव झाला की चौघांत बसून सांगतो."

"नक्की?"

"व्हय."

तिनं विश्वास ठेवला. आकारामनंही ठेवला, पण वेगळ्या गोष्टीवर. सराव नीट झाला तर सांगायची गरजच काय, असं त्याच्या मनात होतं. आणि ते मनात आहे हे त्याला कळत होतं.

सराव कारखान्याच्या गाडीतळावर ठरला. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांनी भरलेलं ते मैदान मे महिन्यात मोकळं असतं. वाळलेली पाचट वाऱ्यानं इकडून तिकडं फिरत असते आणि आंबूस वास जमिनीतून येत असतो. अमरसिंहनं परवानगी काढली होती. कबड्डीचं मैदान आखतात तशी पांढरी फक्की मारून त्यांनी रस्ते आखले. मध्ये जुन्या टायरींचा गोल केला, कारण तिकडं चौकाचौकात गोल असतात. सम्राटनं नियम वाचून दाखवले: गोलाला डावं घालून फिरायचं, म्हणजे आपल्या उलट. आणि गोलात शिरताना डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

"डावीकडून?" आकारामनं विचारलं.

"व्हय दादा. तिकडं सगळं डावीकडूनच अंगावर येतंय."

आकारामनं मान हलवली. युरोपचे इतके व्हिडिओ बघून हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. दीड वर्ष ज्या बाजूला फक्त धूळ होती, त्या बाजूनं आता माणसं येणार होती. तो तेव्हाच गाडीवरून उतरू शकला असता. त्यानं किक मारली.

पहिला अर्धा तास सगळे एकामागून एक फिरले. पुढं मीरासाबची पाठ होती, आकारामला काही अडचण आली नाही. मीरासाबच दोनदा सवयीनं गोलाला उलटा फिरला. अमरसिंह ओरडला, "ओ पावणं, हे जर्मनी हाय. गंगावेस न्हाय." मीरासाब गाडी थांबवून पोट धरून हसला.

मग सम्राट म्हणाला की एकमेकांच्या मागं फिरून काय शिकणार, आता चौघांनी चार बाजूंनी यायचं. आकारामसमोर पाठ उरली नाही. समोर नुसतं मैदान होतं, पांढऱ्या रेघा आणि टायरींचा गोल. अमरसिंह पाणी प्यायला पंपाकडं गेला होता. सम्राट लांबच्या टोकाला गाडी वळवत होता. आकाराम गोलात शिरला. मान डावीकडं वळवायला हवी होती, ती त्यानं वळवलीही, पण रुपयाएवढ्या भोकातून मैदानाची एक बाजू बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यानं घेतला नाही. मोकळं वाटलं. त्यानं गाडी दामटली.

पांढरा सदरा त्याला दिसला तो एकदम समोर. पुढचं चाक मीरासाबच्या उजव्या पायावर गेलं. हाडाचा आवाज त्याला ओळखू आला. सुकं लाकूड गाठीपाशी तुटतं तसा होता.

मीरासाब टायरींवर पडला होता. डोकं आपटलं होतं, पण हेल्मेट होतं. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला गेला होता. सम्राट आणि अमरसिंह धावत आले. मीरासाबचे डोळे आकारामला शोधत होते.

"मी उलटा फिरलो काय रं परत?" त्यानं विचारलं.

आकाराम त्या मोडलेल्या पायाकडं बघत होता.

"उलटाच आला असशील की मर्दा," अमरसिंह म्हणाला. तो त्याच्या पायाखाली टॉवेल सरकवत होता. "सकाळपास्नं तेच चाललंय तुझं. गप पड आता."

"आक्या, तुला लागलं न्हाय न्हवं?"

आकाराम म्हणाला, "न्हाय."

त्या सकाळी तो दुसरं काही बोलला नाही. मीरासाबला दवाखान्यात नेलं, पायात सळई घातली. हाडाचे डॉक्टर म्हणाले, सहा महिने जमिनीवर पाय नाही, आणि पुढचंही आत्ताच सांगता येत नाही. मीरासाब शिलाई मशीनचं पॅडल उजव्या पायानं दाबतो. हे कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. मीरासाबच्या आलं असावं, कारण पहिल्या दिवशी तो पायाकडं बघत नव्हता.

कट्ट्यावर ही गोष्ट लगेच गेली आणि तिची गंमत झाली. मीरासाब जर्मनीला निघाला आणि कागलात उलटा फिरला. भेटायला येणारा प्रत्येकजण ते ऐकवायचा आणि मीरासाब स्वतःच त्यात भर घालायचा. "माझ्यामुळं आक्या मेला असता," तो म्हणायचा. आकाराम रोज जायचा, पलंगाच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसायचा आणि हे ऐकायचा.

चौथ्या दिवशी अफसानानं त्याला त्याच दवाखान्याच्या जिन्यात गाठलं.

"अब्बा उलटे फिरले न्हाईत," ती म्हणाली.

आकाराम कठडा धरून उभा राहिला.

"उलटे आले असते तर तुमच्या उजव्या बाजूनं आले असते. तिकडचं दिसतंय तुम्हाला, मी तपासलंय. आणि मार त्यांच्या डाव्या पायाला बसला असता. उजवा मोडलाय. ते बरोबरच येत हुते, तुमच्या डावीकडनं."

"व्हय."

"सांगणार का?"

 वरून कुणीतरी औषधांची पिशवी घेऊन उतरलं, ते जाईपर्यंत दोघं थांबले.

"मी सांगितलं असतं," अफसाना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पण मग अम्मी विचारंल, तुला कवापास्नं म्हाईत. रविवारच्या आधी म्हाईत हुतं म्हणून सांगावं लागंल. एक शब्द बोलले असते तर अब्बा त्या मैदानावर गेलेच नसते." ती वर निघून गेली.

आकारामनं सांगितलं नाही. पाचव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. मीरासाबला घरी आणलं. सहल गेली असं सगळे धरून चालले होते, पण कंपनीनं कळवलं की ऑगस्टची तारीख रिकामी आहे, चौथा माणूस असेल तर या. आकारामनं तो निरोप वाचला आणि त्याच्या छातीत काहीतरी हललं. त्याला त्याची लाज वाटली, पण ते हललं ते हललंच. मीरासाबच्या घराशेजारच्या भिंतीला गाडी टेकवताना त्याला वळणं दिसत होती.

त्या दिवशी मीरासाब उशीला टेकून बसला होता. बायको माहेरी आजऱ्याला गेली होती, अफसाना घरी होती, आत चहा करत होती. आकाराम स्टुलावर बसला तसा मीरासाब म्हणाला, "सम्राट आलता सकाळी. ऑगस्टचं ठरतंय म्हणं."

"बघू की."

"बघू काय? जायचं. माझ्यापायी थांबलास तर तंगडं मोडून घेतल्याचा काय उपेग." तो हसला. "चौथा माणूस मी काढलाय. आमचा उजैर. बहिणीचा पोरगा, सव्वीसचा हाय, दुबईत हुता, गाडी लई नेटकी चालवतो. त्याचं कागदपत्रं सगळं तयार हाय. त्याला मी सांगून ठेवलंय, आकाराम काकाला सोडायचं न्हाय. माझ्या जागी हाईस तू, काकाच्या फुडं ऱ्हायचं, काकाला पाठ बघून चालवायची सवय हाय."

आकारामनं वर बघितलं.

"मला कळत न्हाय व्हय?" मीरासाब म्हणाला. "वर्षभर माझ्या मागनं चालवतूयास. म्हटलं वय झालं, भ्याला असंल गडी. माणसाला भ्या वाटलं तर बोलून दाखवू नये."

आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

उजैर सव्वीस वर्षांचा होता. आकारामनं त्याची पाठ अजून पाहिली नव्हती.

"मीरा," तो म्हणाला, "तू उलटा फिरला नव्हतास."

"आं?"

"त्या दिवशी. तू बराबर येत हुतास. मला डावीकडचं दिसत न्हाय. काचबिंदू हाय. डाव्या डोळ्यात नळीतनं बघितल्यागत मधलं तेवढं ऱ्हायलंय. डॉक्टरनी गाडी बंद करायला सांगितल्याली. मी केली न्हाय. तुमचं तिघांचं चालवणं बघून न्हाय घेतलं मी, पाठी बघून घेतलं. मागनं येता यावं म्हणून."

मीरासाब त्याच्याकडं बघत राहिला. गल्लीत एक भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार पुढं जाईपर्यंत तो तसाच बघत होता.

"कवा कळलं तुला हे?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष." मीरासाबनं पायावरची चादर सारखी केली. "कुठं दाखवलंस?"

आतल्या खोलीच्या दारात अफसाना चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती आकारामच्या डावीकडं होती, त्याला ती दिसत नव्हती. पण ट्रेवरचे कप बारीक वाजत होते, ते त्याला ऐकू येत होतं.

"मिरजेत," आकाराम म्हणाला.

"मिरजेत कशाला? आमची पोरगी हिथं डोळ्यांच्याच दवाखान्यात हाय की."

"म्हणूनच. तुला कळलं असतं."

कपांचा आवाज थांबला. अफसाना पुढं आली, ट्रे खाली ठेवला, आणि अब्बांच्या पायाशी बसली. कुणी चहा घेतला नाही.

मग मीरासाब बोलला. चिडून नव्हे. सीटचं माप सांगतो तसं.

"मला सांगितलं असतंस तर मी फुडं कशाला चाललो असतो? तुझ्या डाव्या हाताला चाललो असतो. जर्मनीत, कुठंबी. बारा दिवस डाव्या हाताला चाललो असतो."

आकारामची मान खाली होती.

"माझ्या तोंडानं मी सगळ्या गावाला सांगितलं, मी उलटा फिरलो म्हणून. तू हितं बसून ऐकत हुतास. रोज. ह्याच स्टुलावर." मीरासाबला धाप लागली. त्यानं उशीवर मान टाकली. "पायाचं मला काय न्हाय. पाय मैदानावर मोडला. हे तू हितं बसून केलंस."

"व्हय."

"उजैरला मी सांगतो, जायचं न्हाय म्हणून. बाकीच्या दोघांना तू सांग. तुझ्या तोंडानं."

"सांगतो."

"मग जा आता."

आकाराम उठला. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा लागला. मागून मीरासाबचा आवाज आला, "अफसाना, त्याला रस्ता वलांडून दे. रहदारीची वेळ हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि परत येऊ नगंस म्हणावं, मी बोलवंस्तोवर."

आकाराम दारातच होता, तरी हे तो अफसानाला सांगत होता.

बाहेर भिंतीला बुलेट टेकवलेली होती. अफसाना तिच्याजवळ उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. आकारामनं खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग ती त्याच्या डाव्या बाजूला आली, कोपराला धरलं, आणि दोघं रस्त्याच्या कडेला थांबले. बस गेली, दोन रिक्षा गेल्या, दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल गेली. आकारामला त्यातली बस दिसली.

"मिरज का म्हणालात?" तिनं विचारलं.

"तुला त्याच घरात ऱ्हायचं हाय."

 रस्ता मोकळा झाला तशी तिनं त्याला पलीकडं नेलं. पलीकडं गेल्यावरही तिनं कोपर लगेच सोडलं नाही. तिच्या तोंडावर काय आहे ते त्याला बघता आलं असतं, मान पुरती वळवली असती तर. त्यानं वळवली नाही.

"जा," तो म्हणाला. "अब्बा एकटा हाय."

"घरापर्यंत येऊ?"

"नको. हितनं सरळ रस्ता हाय. सरळ दिसतंय मला."

ती परत फिरली. आकाराम डावा हात बंद दुकानांच्या शटरांवरून फिरवत चालायला लागला. कोपऱ्यावर सम्राटचं दुकान होतं. आत सम्राट आणि अमरसिंह ऑगस्टच्या तारखा बघत बसले होते. आकाराम पायरीशी थांबला, पायानं पायरी चाचपली, आणि आत गेला.